नावाचा रकाना शेवटी भरा

संग्रहालयाच्या शस्त्रविभागात काम मिळालं की नवी मुलं खूश होतात. नोंदवही पुढ्यात आली की मात्र चेहरे पडतात. तलवार टेबलावर ठेवली रे ठेवली की कुणीतरी ‘धोप!’ म्हणजे लांब, सरळ पात्याची मराठी तलवार, असं म्हणून मोकळं होतं. माझं सांगणं एवढंच, की नावाचा रकाना शेवटी भरा. आधी लांबी, वजन, पातं एकधारी की दुधारी, परज म्हणजे मुठीवर हात राखणारा भाग कसा, मूठ कशाची ते लिहा. ‘फिरंग’ म्हणजे बहुधा पातं युरोपातलं आणि मूठ आपली. पात्यावर धावत्या लांडग्याची खूण किंवा ‘आंद्रेआ फेरारा’ अशी युरोपातल्या नामांकित कारागिराच्या नावाची अक्षरं दिसली की हुरळून जाऊ नका. या खुणांची नक्कल त्या काळीही सर्रास व्हायची. अक्षरं जशीच्या तशी उतरवा, कारखान्याचं नाव लिहू नका.

याच विभागात संस्थानी ढालचिन्हंही, म्हणजे ढालीच्या आकारात मांडलेली घराण्यांची मानचिन्हं, येतात, पट्टेवाल्यांच्या बिल्ल्यांवर, चांदीच्या भांड्यांवर. इथे युरोपातली शिस्त शिकावीच लागते. तिच्यात चित्रापेक्षा शब्दांतलं वर्णन प्रमाण. त्या वर्णनाबरहुकूम काढलेला सिंह जाडा असो की रोड, चिन्ह तेच राहतं. उजवी-डावी ठरते ती ढाल धरणाऱ्याच्या हातावरून, म्हणजे त्याची उजवी ती आपली डावी. पहिले काही महिने यात सगळेच गोंधळतात. सोनं आणि रुपं हे ‘धातू’, तांबडा, निळा, काळा, हिरवा हे ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग सहसा चढवत नाहीत, कारण चिन्ह लांबून ओळखू यायला हवं.

‘आमचं चिन्ह शेकडो वर्षांचं’ असं घराण्यातले लोक अभिमानाने सांगतात. ऐकून घ्या, पण वर्षाच्या रकान्यात ते लिहू नका. 1877च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्याने संस्थानिकांची ढालचिन्हं विलायती धर्तीवर आखली आणि ती निशाणांवर भरतकामात आली. आतला सूर्य किंवा नाग जुना असेल, त्याभोवतीची मांडणी बऱ्याचदा तेव्हाची.

घरची तलवार घेऊन येणारेही भेटतील. किंमत कधीच सांगू नका. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972च्या पुरावस्तू कायद्याने ती परदेशी पाठवता येत नाही, हे मात्र आवर्जून सांगा. आणि चिंच लावून घासू नका म्हणावं. कोफ्तगिरीचं, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेल्या नक्षीचं, सोनं त्यात निघून जातं.