होडीची रब रेल बदलताय? या चुका टाळा

होडीच्या काठाला बाहेरून फिरवलेली रबराची किंवा सागवानाची पट्टी म्हणजे रब रेल. धक्क्याला घासायचं ते हिनं घासावं, होडीनं नाही. मुंबईच्या बंदरात हिचे हालच. उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, त्यात एलिफंटाची लाँच गेली की तिच्या लाटांचे धक्के वेगळे.

पट्टी फाटली की माणूस नवी पट्टी आणायला पळतो. आधी खाली बघा. पट्टीखालून तांबूस ओघळ उतरलेत का? मग दुखणं स्क्रूंचं आहे. काठावर बोटाच्या पेरानं टकटक करत जा. आवाज बोदा आला तर आत पाणी शिरलंय, ते वाळवल्याशिवाय नवी पट्टी लावणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

सगळे स्क्रू एका दमात काढू नका. बऱ्याच लहान फायबरच्या होड्यांमध्ये डेक आणि खालचा सांगाडा याच स्क्रूंनी एकत्र धरलेला असतो. दोन-तीन फुटांचा टप्पा घ्या, सांधा उघडतोय का बघा, मगच पुढे सरका.

जुनं भोक सैल झालंय म्हणून काडेपेटीची काडी खुपसून स्क्रू आवळणारे मी पाहिलेत. पहिल्या होडीत मीही तेच केलं होतं. भोक मोठं करून साफ करा, पूर्ण वाळू द्या, इपॉक्सीत (दोन भाग कालवून कडक होणारी राळ) घट्ट करायची पावडर घालून श्रीखंडाइतकी घट्ट करा आणि गच्च भरा. कडक झाल्यावर नवं भोक पाडा. मे महिन्यात इपॉक्सी वाटीभर कालवू नका, वाटीतच तापून दगड होते. पावसाळी हवेत तिच्यावर चिकट थर येतो. तो पाण्यानं घासून धुवा आणि मग पॉलिश पेपर मारा.

नागदेवी स्ट्रीटवर स्क्रू घेताना ‘स्टेनलेस द्या’ एवढंच म्हणू नका, ३१६ मागा, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारी जात; साधं स्टेनलेस ३०४ असतं. खिशातल्या लोहचुंबकावर भिस्त नको, ३०४ आणि ३१६ त्याला सारखेच. पितळ तर नकोच. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि स्क्रू खडूसारखा मोडतो.

पट्टीखाली पाणी शिरू नये म्हणून लावायला सिलिकॉन स्वस्त पडतं, पण त्याचा अंश राहिला की पुढे त्या जागी काहीच धरत नाही. पॉलियुरेथेन सीलंट वापरा, तेही कायमचं चिकटणारं नको, नाहीतर पुढच्या वेळी पट्टीसोबत जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, सोलून येईल. सागवान असेल तर लावण्याआधी ॲसिटोननं पुसा, लाकूड तेलकट असतं.

आता माझी फजिती. रबरी पट्टी भर उन्हात गच्चीवर मऊ केली, नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, ओढत पिछाडीपर्यंत बसवली, आणि शिल्लक तुकडा तिथल्या तिथे कापला. सकाळी पाहतो तर पट्टी टोकाला दोन बोटं आखडलेली! गरम पट्टी ताणली की निवल्यावर मागे सरते. रात्रभर तशीच लोंबू द्या, दुसऱ्या दिवशी गारव्यात कापा.

होडी पाण्यात सोडायच्या आधी एकाला टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून काठावर पाइपनं पाणी सोडा. आतून ‘इथे थेंब!’ अशी हाक आली की तिथे खडूनं खूण करा.