दोन शहरांमधला फ्लाइट टाइम पटकन कसा काढायचा

तिकिटावर सुटायची आणि पोहोचायची वेळ दोन्ही तिथल्या तिथल्या लोकल टाइममध्ये असतात, त्यामुळे नुसती वजाबाकी करून विमानात नक्की किती तास बसायचंय ते कळत नाही.

१. गुगल मॅप्सवर पहिल्या शहरावर बोट दाबून धरा, पिन आली की खाली माहिती उघडून 'अंतर मोजा' घ्या आणि नकाशा दुसऱ्या शहरापर्यंत सरकवा. हे सरळ हवाई अंतर असतं, तेच घ्यायचं. रस्त्याचे किलोमीटर इथे बिलकुल धरू नका.

२. त्या आकड्याला ८०० ने भागा.

३. वर अर्धा तास मिळवा, टेकऑफ-लँडिंग आणि रनवेपर्यंत रांगत जाण्यात तेवढा जातोच.

उदाहरणार्थ लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५,५५० किमी, म्हणजे भागून जवळपास सात आणि वर अर्धा, साडेसात तास. प्रत्यक्षात जाताना आठच्या आसपास लागतात आणि येताना सात, कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, तेव्हा लांबच्या प्रवासात पूर्वेकडे जाताना थोडं कमी आणि पश्चिमेकडे जाताना थोडं जास्त धरलेलं बरं.

हा हिशोब फक्त डायरेक्ट फ्लाइटचा हं. आणि एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असेल तर तो साफ चुकतो. हेलसिंकी–टोकियो आधी साडेनऊ तासांत व्हायचं, २०२२ पासून रशियाला वळसा घालावा लागतो म्हणून तेराच्या आसपास लागतात. कनेक्टिंग फ्लाइट ठरवताना तिकिटावर लिहिलेला कालावधीच बघा.