कडब्याच्या पेंढीतून पूल

पोरांना पूल बांधायला विकतचं किट कशाला? कडब्याच्या पेंढीतून चार सुकी धाटं ओढा. धाट सोललं की आत पांढरं भेंड, बाहेर चिवट सालपट. भेंडाच्या बोटभर तुकड्यांचे सांधे आणि सालपटाच्या काड्या. टोक तिरकं कापलं की काडी भेंडात सहज रुतते. आजोबांच्या खेळण्यातल्या बैलगाड्या याच्याच असायच्या. (सालपटाची धार ब्लेडसारखी कापते, सोलायचं काम मोठ्यांचं.)

आधी चौकोन करू द्या. कोपरा बोटाने ढकलला की तो कलंडतो. मग आत एक तिरकी काडी बसवून पुन्हा ढकलायला सांगा. बाजूंची लांबी तीच राहिली तर त्रिकोणाचा आकार बदलूच शकत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलांना तिरके पट्टे असतात ते याचसाठी. पण हे आधीच सांगून मजा घालवू नका.

दोन विटांमध्ये 30 सेंमी अंतर ठेवून पूल टेकवा, मधोमध डबा टांगा आणि पेल्याने पाणी ओतत जा. 1 लिटर म्हणजे 1 किलो, तराजू लागत नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढाच, कारण पहिला कोणता सांधा निसटला ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. काडी क्वचितच मोडते, सुटतो तो सांधा. तिथे बाभळीचा काटा आरपार टोचा आणि परत पाणी ओता.

संभाजीनगरला गेलात तर मकाई दरवाजाजवळचा खाम नदीवरचा दगडी पूल दाखवा. तिथे तिरकी काडी एकही नाही, कमानीतले दगडच एकमेकांना दाबून धरतात.