जलपर्णीवर भुंगे सोडताय? या चुका टाळा

“भुंगे सोडून महिना झाला, जलपर्णी तशीच आहे. कीटक बोगस आहेत का?” हा प्रश्न ऐकून कान किटले. अहो, महिन्याभरात त्या भुंग्याची एक पिढीसुद्धा पुरी होत नाही!

जलपर्णी खाऊन तिला आटोक्यात ठेवणारा निओचेटिना जातीचा हा भुंगा जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब. भारतात तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला गेला. मादी पानाच्या देठात अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळी निघते आणि देठ आतून पोखरत खाली गड्ड्यापर्यंत जाते. मग ती पाण्याखालच्या जिवंत मुळांवर, मूळतंतूंचाच कोष करून त्यात बसते. अंड्यापासून भुंग्यापर्यंत तीन-चार महिने सहज जातात. तळं आटोक्यात यायला काही वर्षं धरा. तेवढा दम नसेल तर या वाटेला जाऊच नका.

सगळ्यात जास्त चीड येते ती मध्येच सरसकट सफाई करणाऱ्यांची. एका गावच्या तळ्यात भुंगे छान रुजले होते. पानापानावर कुरतडल्याचे तपकिरी ठिपके, देठ खुजे, फुलं कमी. तेवढ्यात विसर्जन आलं आणि पोकलेन उतरला. देठातल्या अळ्या, मुळांवरचे कोष, सगळं काठावर ढिगाने वाळलं. कोपऱ्यात उरलेल्या चार रोपांनी आणि गाळातल्या बियांनी उन्हाळ्यापर्यंत तळं पुन्हा झाकलं. खायला मात्र भुंगा नव्हता. ठेकेदाराला दुसऱ्यांदा काम मिळालं, तो खूश.

काढायचीच असेल तर टप्प्याटप्प्याने काढा. मी काठालगतचा एक पट्टा बांबू ठोकून राखतो आणि तिथे कोणाला हात लावू देत नाही. तणनाशकाचंही तेच: झाड कुजलं की आतली अळीही गेली.

भर दुपारी पानावर भुंगा शोधू नका, तो निशाचर आहे. ठिपके बघा, ते पण कोवळ्या पानावर. जुन्या पानावरचे डाग जुनेच असतात. शंका असेल तर देठ बुडाशी चिरा, पांढरी बिनपायाची अळी सापडेल.

पावसाळ्याच्या तोंडावर नदीत सोडू नका, पहिल्या पुरात जलपर्णीसकट वाहून जातील.

“भुंगा भाताचं पीक खाईल का?” नाही. जलपर्णीवाचून त्याची पिढी वाढत नाही.

आणि नाला तळ्यात तसाच सोडलेला असेल, तर सांडपाण्याच्या खतावर जलपर्णी भुंग्याच्या खाण्यापेक्षा वेगाने फुटते. तिथे आधी नाला वळवा, मग भुंग्यांचं बोलू.