तालुक्याच्या ऑफिसात दर आठवड्याला उद्दिष्टं कशी तपासावीत

हिंगणघाट, वरूड, पुसद, दर्यापूर अशा विदर्भातल्या गावांत करसल्लागाराचं किंवा सीएचं ऑफिस चालवणाऱ्यांचं दुखणं सारखंच असतं. काम भरपूर, ग्राहक ओळखीचे, आणि वर्ष संपताना हाती मात्र अंदाजापेक्षा कमी. एप्रिलमध्ये ठरवलेला आकडा पुढच्या मार्चमध्येच आठवतो. महिन्याचा आढावाही उशिराचाच ठरतो, कारण 7 तारखेला टीडीएसचा (कापून घेतलेल्या कराचा) भरणा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) आणि 20 ला 3बी (जीएसटी भरण्याचं विवरणपत्र) यांच्यात महिना कधी सरला ते कळत नाही. म्हणून आढावा आठवड्याचाच हवा. तो बसवायचा कसा, ते इथे दिलं आहे. वकील आणि आर्किटेक्ट यांनाही ही पद्धत चालेल, तारखा तेवढ्या बदलतील.

आधी वर्षाचा आकडा मोडा, पण बाराने भागू नका

समजा, वर्षाला 12 लाखांची फी जमा व्हायला हवी. महिन्याला 1 लाख असं मांडलंत तर जूनमध्येच हिरमोड होईल. त्या महिन्यात कृषी केंद्रवाला सकाळपासून रात्रीपर्यंत काउंटरवर उभा असतो आणि त्याचा बराचसा माल उधारीवर गेलेला असतो. शेतकऱ्याचा पैसा वावरात असतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन बाजारात येतं, दिवाळीपासून कापूस जिनिंगला (सरकी काढायच्या गिरणीत) जायला लागतो, वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराची संत्री निघतात, मग तूर येते. तेव्हा कुठे हात मोकळा होतो.

म्हणून कामाचं उद्दिष्ट सरकारी तारखांप्रमाणे ठेवा आणि वसुलीचं पिकाप्रमाणे. वरच्या उदाहरणात जून ते सप्टेंबर मिळून अडीच लाख, ऑक्टोबर ते फेब्रुवारी साडेसहा लाख आणि मार्च ते मे 3 लाख धरा. म्हणजे पावसाळ्यात आठवड्याला साधारण 15 हजार आणि हंगामात 30 हजार. हे आकडे गाठता येण्याजोगे असतात, त्यामुळे ऑफिसातल्या पोरापोरींचाही त्यावर विश्वास बसतो.

चारच रकाने ठेवा

आठवड्याच्या रजिस्टरात एवढंच: कागद आले, काम झालं, बिल निघालं, पैसे जमा झाले. याहून जास्त रकाने केले की रजिस्टर दोन आठवड्यांत बंद पडतं. क्रमही हाच ठेवा. जमा झालेले पैसे हा आधीच्या तीन रकान्यांचा परिणाम असतो, त्यामुळे तिथे तूट दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या रकान्यातली तूट मात्र त्याच आठवड्यात भरून काढता येते.

प्रत्येक रकान्यात ठरलेला आणि झालेला असे दोन आकडे लिहा. समजा, 30 जणांची विक्रीची बिलं यायची होती आणि 8 तारखेपर्यंत 19 जणांची आली. उरलेल्या 11 जणांची नावं गावाप्रमाणे खाली लिहा. एका गावचे तिघं असतील तर एकच माणूस एकाच फेरीत तिघांची बिलं आणू शकतो.

5 कोटींपर्यंत उलाढाल असलेले बरेच व्यापारी जीएसटीच्या तिमाही विवरणपत्राची सवलत घेतात. त्यांचं काम तिमाही संपल्यावरच्या महिन्यात एकदम अंगावर येतं, म्हणून जुलैच्या आठवड्याची तुलना ऑगस्टशी करू नका. गेल्या वर्षीच्या जुलैशी करा.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बसा

सोमवारची बैठक शहरात ठीक आहे. आपल्याकडे खेड्यावरचा ग्राहक तालुक्याला येतो तो आठवडी बाजाराच्या दिवशी. त्याच दिवशी पिशवीतून बिलं निघतात, आणि पैसे निघाले तर तेव्हाच. बाजाराचा दिवस मोकळा ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिस उघडण्याआधी अर्धा तास बसा. आकडे ताजे असतात आणि पुढच्या बाजारापर्यंत पूर्ण आठवडा हातात असतो.

बैठकीत खरा कस लागतो तो उत्तर लिहून घेताना.

"ताई, कृषी केंद्राचे कागद आले का?"

"नाही भाऊ, पाठवतो म्हणाले."

"पाठवतो म्हणाले" हे रजिस्टरात लिहू नका. कोण, काय, कधी, एवढंच लिहा: 'बुधवारी दुपारी त्यांच्या मुलाला फोन, बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर, जबाबदारी ताईंची.' पुढच्या बैठकीची सुरुवात याच ओळीपासून करा. कुणाला रागावण्यासाठी ही बैठक नाही. एकदा तसं झालं की माणसं आकडे लपवायला लागतात.

वसुलीला वेगळं पान द्या

"कापूस निघू द्या ना भाऊ, मंग देतो." हे बहुतेक वेळा खरंच असतं, त्यावर तोंड वाकडं करू नये. मात्र रक्कम आणि वेळ तिथल्या तिथे ठरवून घ्यावी: पहिली गाडी जिनिंगला गेली की 3 हजार, बाकी संक्रांतीनंतर. ते त्यांच्यासमोर लिहावं. थकबाकीचे तीन भाग करा: 45 दिवसांच्या आतली, या हंगामातली, आणि एक हंगाम उलटून गेलेली. दर आठवड्याला तिसऱ्या भागातल्या निदान दोघांशी स्वतः मालकाने बोलावं, हे काम पोरांवर ढकलू नये.

जिनिंग, कंत्राटदार अशा व्यावसायिक ग्राहकांसाठी कायद्याचाही आधार आहे. आपल्या ऑफिसची उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर लेखी करार नसताना 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत त्यांनी पैसे द्यायला हवेत. मुदत उलटून 31 मार्चलाही रक्कम थकलेली असेल, तर 2023-24 या आर्थिक वर्षापासून त्यांना त्या वर्षी प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही, पैसे देतील त्या वर्षी मिळते. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि फेब्रुवारीतच नम्रपणे आठवण द्या.

सलग तीन आठवडे तूट आली तर

एका आठवड्याची तूट सोडून द्या. पोळा असतो, लग्नसराई असते, पाऊस रस्ते अडवतो. सलग तीन आठवडे एकाच रकान्यात तूट आली की मात्र कारण शोधा. कागद येतात पण काम होत नाही, असं असेल तर आधी मालकाचं टेबल बघा. माझ्या मते छोट्या ऑफिसात सगळ्यात जास्त फायली तिथेच, तपासायच्या आणि सहीच्या, अडतात. 'तपासणीसाठी पडून' हा आकडा महिनाभर वेगळा लिहून बघा. तो वाढतच असेल, तर साध्या विवरणपत्रांची पहिली तपासणी अनुभवी सहायकाकडे द्या आणि नवे ग्राहक घेणं तेवढ्यापुरतं थांबवा.

एप्रिलच्या पहिल्या बैठकीत वर्षभराचं रजिस्टर उघडून कुणाचे कागद सतत उशिरा आले ते मोजा, आणि त्यांची नव्या वर्षाची फी तो आकडा समोर ठेवूनच ठरवा.