दूरच्या सर्व्हरवर पहिल्यांदा लॉगिन करण्याआधी

आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकावर खातं मिळालेलं असो किंवा परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर, खातं तयार झाल्याची मेल आली की हात शिवशिवायला लागतात. जरा थांबा. आधी वहीत पाच गोष्टी उतरवून घ्या: सर्व्हरचा पत्ता, तुमचं युजरनेम, पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक (सहसा २२, पण काही ठिकाणी बदललेला असतो), बाहेरून जोडायला व्हीपीएन लागतो का, आणि सहसा कुणी मागतच नाही अशी पाचवी, होस्ट कीचा (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीचा) फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी खूण. ईडी२५५१९ प्रकारच्या कीचा मागा, कारण एका सर्व्हरला अशा दोन-तीन की असतात.

या पाचव्या गोष्टीवर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तातू युलोनेन यांनी दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करण्यासाठी एसएसएच लिहिलं. टेलनेट या जुन्या पद्धतीत पासवर्ड उघडा जायचा, एसएसएचवर सगळं कूटबद्ध होऊन जातं. त्यामुळे फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेच्या वायफायवर शेजारच्याला तुमचं काही वाचता येत नाही. पण पलीकडे खरोखर तुमचाच सर्व्हर आहे, हे पहिल्या वेळी एसएसएचला ठाऊक नसतं. ते तुम्हालाच विचारतं. ‘एसएचए२५६’ आणि त्यापुढे ४३ अक्षरांची ओळ दाखवून खात्री आहे का असं विचारतं, आणि बहुतेक जण न वाचता ‘येस’ टाइप करून मोकळे होतात. मध्ये कुणी नकली सर्व्हर उभा केला असेल, तर पासवर्ड थेट त्याच्या हाती पडतो. पासवर्डऐवजी की-जोडीने (एक खाजगी, एक जाहीर अशा दोन कींनी) लॉगिन केलंत तर पासवर्ड वाचतो, पण पुढे टाइप केलेलं सगळं त्या नकली मशीनवरच जातं.

म्हणून फिंगरप्रिंट सर्व्हर सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनकडून फोनवर किंवा समोरासमोर घ्या. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित प्रोग्रॅमच्या ८.० आणि पुढच्या आवृत्त्यांत त्या प्रश्नाला ‘येस’ऐवजी तो फिंगरप्रिंटच पेस्ट करता येतो. जुळला तरच जोडणी पुढे जाते. डोळ्यांनी अक्षरं ताडत बसायला नको. सर्व्हरची ओळख मग ‘नोन होस्ट्स’ या फाइलमध्ये राहते. पुढे कधी ओळख बदलल्याचा मोठ्या अक्षरांतला इशारा आला, तर ती ओळ खोडण्याआधी अ‍ॅडमिनला विचारा. सर्व्हर नव्याने बसवला असेल तर तो तसं सांगेल.

की-जोडीचं काम पाच मिनिटांचं. ‘एसएसएच-कीजेन’ या की बनवणाऱ्या कमांडला ईडी२५५१९ प्रकार सांगा आणि पासफ्रेज (की उघडायचा पासवर्ड) रिकामी सोडू नका, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द चांगले. दर वेळी ती टाइप करायचा कंटाळा येत असेल तर उघडलेली की सांभाळून ठेवणारा एसएसएच-एजंट आहे. अ‍ॅडमिनला द्यायची ती फक्त ‘डॉट पब’वाली फाइल. दुसरी, म्हणजे प्रायव्हेट की, मेलवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, पेन ड्राइव्हवरही नको, आणि तिची फाइल-परवानगी ६०० (फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. घरच्या आणि लॅबच्या मशीनसाठी वेगवेगळी की करा. लॅपटॉप बसमध्ये राहिलाच, तर सर्व्हरवरच्या ‘ऑथोराइज्ड कीज’ या मान्य कींच्या यादीतून तेवढी एक ओळ काढली की काम झालं. विंडोज १० आणि ११ वर ओपनएसएसएच सहसा आधीच असतं. पुट्टी हे दुसरं एसएसएच सॉफ्टवेअर हवंच असेल तर जाहिरातीच्या लिंकवरून घेऊ नका. त्या वाटेने नकली प्रती पसरवल्या गेल्या आहेत.

मधल्या गेटवे मशीनमधून पुढे जायचं असेल तर ‘प्रॉक्सीजंप’ वापरा. एजंट फॉरवर्डिंग (तुमचा एसएसएच-एजंट त्या मशीनवरून वापरू देणं) टाळा, कारण त्या मशीनचा रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्ता तुमच्या एजंटकडून तुमच्या नावाने पुढे लॉगिन करू शकतो.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे पुणेकराला सांगायला नको. राउटर बंद पडला की जोडणी तुटते आणि तिच्यातलं चालू कामही सहसा तुटतं. आत शिरल्यावर पहिलं काम म्हणून टीमक्स सुरू करा, जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम. वीज आली की ‘टीमक्स अटॅच’ म्हणायचं, काम जिथल्या तिथे असतं.

सर्व्हर तुमच्याच ताब्यातला असेल तर एक काम वाढतं: रूटचं थेट लॉगिन आणि पासवर्डचं लॉगिन, दोन्ही बंद करा. सेटिंग बदलून सेवा रीस्टार्ट केल्यावर चालू खिडकी बंद करू नका. दुसरी खिडकी उघडून कीने लॉगिन होतंय हे पाहा, मगच पहिली मिटा.