ब्लूज ऐकताना हरवायचं नसेल तर: जीन अमन्सचा ‘बॉस टेनर’

‘डोळे मिटा आणि फक्त अनुभवा’ हा सल्ला जॅझ नव्याने ऐकणाऱ्याला हमखास मिळतो. डोळे मिटले की झोप लागते. जॅझ मोजत ऐकायचा, आणि त्यासाठी शिकागोच्या सॅक्सोफोनवादक जीन अमन्सचा १९६० सालचा ‘बॉस टेनर’ हा अल्बम उत्तम: ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्यातून जॅझमध्ये आलेली घडण) आणि जुनी लोकप्रिय गाणी, टेनर सॅक्सोफोनचा भरदार आवाज, सुरांचा भडिमार नाही.

हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, ऐकूच येत नाही, आणि पुढचं सगळं बासवर चालतं.

पहिला ट्रॅक ‘हिटिन द जग’ फार संथ आहे, तो नंतर. आधी ‘ब्लू अमन्स’ लावा. बारा बारचं आवर्तन. बार म्हणजे मात्रांचा एक गट, इथे चार मात्रांचा. पहिल्या मात्रेवर बारचा आकडा म्हणा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं बारापर्यंत. सॅक्सोफोनच्या मागे जाऊ नका. अमन्स आपलं वाक्य आवर्तनाच्या सीमेपलीकडे खुशाल ओढून नेतो, आणि तुमचा आकडा सुटतो. डग वॉटकिन्सचा बास धरा. आपल्या कानाला तानपुऱ्याच्या अचल षड्जाची सवय. इथे तळच सरकतो. चार बार सा, दोन बार म, दोन बार पुन्हा सा, नवव्या-दहाव्यात पंचमाकडे ओढ, शेवटी दोन बार सा. दुसऱ्या बारमध्ये कधी मध्यमाला नुसता हात लावून येतात. तिकडे दुर्लक्ष करा.

खरी फसगत सातव्या बारला. तळ सा-वर परतला की वाटतं, सम आली. आलेली नसते. मला सर्वांत जास्त वेळ लागला तो इथेच, आणि कुणी हे सांगतही नाही. ताडून पाहा: दोनच बारांत पंचमाची ओढ लागली तर तो सातवा होता, सा ठाण मांडून बसला तर नवं आवर्तन.

हे जमल्याशिवाय ‘हिटिन द जग’कडे जाऊ नका. संथ ब्लूजमध्ये एकेका मात्रेचे तीन तुकडे ऐकू येतात आणि दादऱ्यावर पोसलेला कान त्या तुकड्यांनाच मात्रा समजतो. मग बाराचे छत्तीस बार होतात! पायाने फक्त मोठी मात्रा द्या. रे बरेटोच्या काँगांच्या (हातांनी वाजवायच्या उंच ढोलांच्या) नादी लागू नका. कितीही गोड वाजल्या तरी मोजणीला त्यांचा उपयोग नाही.

बाकी सोपं. ‘स्टॉम्पिन ॲट द सॅव्हॉय’ ३२ बारचं: आठ, तेच आठ, वेगळे आठ, पुन्हा पहिले आठ. ‘माय रोमान्स’ आधी एखाद्या गायिकेकडून ऐका, चाल डोक्यात बसू द्या. चार्ली पार्करची वळणावळणाची ‘कन्फर्मेशन’ शेवटी ठेवा. तिथे मोजणी सुटली तर धडपडू नका. दुसरा वादक सोलो (एकट्याचं वादन) घेतो तो सहसा नव्या आवर्तनापासूनच. तिथून पुन्हा एक म्हणा.